सुईताईचं हसू

सुईला डोळे काढले होते. टपोरे, वर लांब पापण्या. खाली लालचुटूक ओठ आणि ओठांवर हसू. शेजारच्या फुग्यात लिहिलं होतं, ‘मी सुईताई! मी आले की शूर मुलांना काहीच वाटत नाही. शूर मुलं रडत नाहीत, हसतात!’ आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत: ‘हे पान मुलांनी मुलांसाठी बनवलं आहे.’ हे सगळं मी पहिल्यांदा वाचलं ते हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या, फोनवर. आत खाटेवर माझी भाची झोपली होती. तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत टम्म सुजला होता आणि मध्ये जांभळा पडला होता.

मुलांसाठी वेबसाइट बनवणं हे माझं काम. लोकांना वाटतं, त्यात काय, चार फुगे काढायचे, दोन ससे काढायचे, रंग भडक ठेवायचे. अशा लोकांशी मी हल्ली वाद घालत नाही, कारण माझा आवाज चढतो आणि मग ताई म्हणते की तुझ्याशी बोलायची सोय राहिली नाही. पण हे काम सोपं नाही. मुलांना विचारून करायचं असतं, आणि मुलांना विचारणं ही फार फसवी गोष्ट आहे. मूल मोठ्या माणसाचं तोंड बघून उत्तर देतं. ‘आवडलं का?’ विचारलंत की ‘आवडलं’ म्हणणार. समोर तारे ठेवलेत की सगळे तारे पेटवणार, मग तुम्ही दाखवलेलं पान कोरं का असेना. म्हणून आमच्या कामात, म्हणजे जे ते नीट करतात त्यांच्या कामात, एक नियम आहे. जमिनीवर बसायचं, तोंड शिवून ठेवायचं आणि मुलाच्या चेहऱ्याकडे नाही, बोटाकडे बघायचं. बोट कुठे थांबतं, कुठे मागे फिरतं, कुठे रागाने टकटक करतं. तोंड खोटं बोलेल, बोट नाही.

या हॉस्पिटलची मुलांची वेबसाइट मी अशीच केली होती. जी मुलं तिथे महिनोन् महिने येतात, हाताला सुई लावून तासन् तास सलाईनखाली बसतात, त्यांच्या वॉर्डात जाऊन फरशीवर फतकल मारून बसले होते. त्यांची एक म्होरकी होती. दहा-अकरा वर्षांची असेल, पण वॉर्ड तिच्या बापाचा असल्यासारखी वागायची. कुणी कुठली खुर्ची घ्यायची, टीव्हीवर काय लावायचं, नव्या डॉक्टरला नस सापडायला किती संधी द्यायच्या, सगळं ती ठरवायची. सिस्टर लोक तिला मॅनेजरीण म्हणायचे. माझ्या पहिल्या नमुन्यावर तिने एक नजर टाकली आणि म्हणाली की यात सशांना जास्त जागा दिली आहे, आम्हाला काय होणार ते कुठेच लिहिलेलं नाही. बोट टकटक, टकटक. मी ससे काढून टाकले.

मग त्यांनी मिळून एक पान सांगितलं. त्याचं नाव त्यांनीच ठेवलं, ‘दुखतं का?’ मजकूर मॅनेजरणीने बोलून दाखवला आणि बाकीच्यांनी भांडून भांडून पक्का केला. ‘हो, दुखतं. सुई जाताना दुखतं, मग कमी होतं. औषध जाताना हात जळजळला तर लगेच ओरडून सांग, कोणी रागावत नाही.’ इतकंच. मी एक काना-मात्रा बदलली नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनी वाचून मान डोलावली, म्हणाले की शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. औषध नसेबाहेर गेलं तर ते सलाईनच्या मशिनला दर वेळी कळत नाही, आधी मुलालाच कळतं. मुलाने सांगितलं तरच हात वाचतो.

ते पान मी हॉस्पिटलच्या हवाली केलं आणि माझ्या कंपनीतल्या साहेबांनी मला दुसऱ्या कामाला जुंपलं. त्याच सुमारास ताईच्या मुलीचं दुखणं निघालं. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही, जेवतानासुद्धा ताटाभोवती फिरते. तिच्या रक्तातच काही कमी आहे आणि दर महिन्याला सलाईनमधून औषध द्यावं लागणार, तेही त्याच हॉस्पिटलात, असं कळलं तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरीने मात्र मला फोन केला. मावशी, तिथली वेबसाइट तू केलीयेस ना, मग त्यात खरं असेल ना? मी छाती फुगवून म्हटलं, अगदी खरं. वाच आणि तसंच कर.

तिने वाचलं आणि तसंच केलं.

सिस्टरने दोनदा विचारलं होतं की दुखतंय का बाळा. दोन्ही वेळा ती हसून नाही म्हणाली. हात शालीखाली लपवून बसली. औषध नसेतून बाहेर झिरपत होतं, आतून आग होत होती आणि माझी भाची ओठ ताणून हसत होती, कारण शूर मुलं हसतात असं मावशीच्या वेबसाइटवर लिहिलं होतं. शाल काढली तेव्हा ताई किंचाळली. डॉक्टर म्हणाले की या वेळी थोडक्यावर निभावलं, हात भरून येईल. पण पुन्हा असं झालं आणि ही गप्प राहिली तर कातडी जाईल, बोटं आखडतील. औषध थांबवता येत नाही आणि हिच्या नसा नाजूक आहेत. हिने बोलायला शिकलं पाहिजे.

ताईने माझ्याकडे बघितलं. ती कधी ओरडत नाही, ओरडायचं काम घरात माझ्याकडे असतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या भरवशावर होती गं ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताईला सांगितलं की हे मी लिहिलेलं नाही, कुणीतरी बदललंय, मी त्यांना सोडणार नाही. ताई म्हणाली, सोडू नकोस, पण आधी हिला पाणी दे.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांना सोबत घेऊन हॉस्पिटलच्या प्रसिद्धीप्रमुख बाईंच्या खोलीत शिरले. साहेब वाटेत मला समजावत होते की शांतपणे घे, मोठं गिऱ्हाईक आहे. त्यावरूनच मला कळलं की त्यांना पान बदलल्याचं ठाऊक होतं आणि ते मूग गिळून बसले होते. बाईंची खोली प्रशस्त, गार, टेबलावर काचेच्या भांड्यात चॉकलेटं. त्यांनी मला चॉकलेट दिलं. मी ते तसंच टेबलावर ठेवलं.

पान का बदललं, मी विचारलं. बाई साखर पेरत बोलल्या. म्हणाल्या, आम्ही मनाने काही केलेलं नाही, तुमचीच पद्धत वापरली, मुलांना विचारलं. कुठल्या मुलांना, तर हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांच्या कौटुंबिक मेळाव्याला आलेल्या मुलांना. सभागृहात फुगे लावले होते, केक कापला होता, आणि एका कोपऱ्यात दोन स्क्रीन ठेवून विचारलं होतं की तुम्हाला कुठलं पान आवडतं, हे हसऱ्या सुईचं की हे नुसत्या अक्षरांचं? मुलं रांगेने आली आणि हसऱ्या सुईला तारे देऊन केक खायला गेली. बाईंनी त्याचा रंगीत आलेख काढला होता. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

मला हसावं की टेबल उलथावं कळेना. ज्या पोरांना आयुष्यात एखादी लस सोडून सुई माहीत नाही, ज्यांच्या तोंडाला केकची क्रीम लागलेली आहे, त्यांना विचारलं की सुई कशी हवी. ती बापडी म्हणणारच की हसरी हवी. यात त्यांची काय चूक. आणि मोठ्यांची शिकली-सवरलेली डोकी तो आलेख बघून माना डोलावतात. कुणाला एवढंही सुचू नये की दोन मजले वर, लिफ्टच्या एका बटणावर, ज्यांच्या हाताला खरी सुई आहे ती मुलं बसली आहेत?

मी हे असंच्या असं बोलले. बाईंचा चेहरा जरा उतरला, पण त्या हटल्या नाहीत. ‘दुखतं’ हा शब्द हॉस्पिटलच्या वेबसाइटवर शोभत नाही, पालक घाबरतात, देणगीदार काय म्हणतील, असं सगळं सांगून झालं. माझ्या भाचीच्या हाताबद्दल त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं असावं, पण एका मुलीवरून निष्कर्ष कसा काढायचा असं त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी असा तोडगा काढला की मला नाही म्हणता येईना. तुमच्या भाचीलाच विचारू. तुमच्या पद्धतीने, तुमच्या नियमाने, कोणी मध्ये बोलायचं नाही. तिने हे पान नापसंत केलं तर मी स्वतः बदलून घेते.

मला वाटलं, जिंकले.

भिंगरीला हातावर बँडेज घेऊन त्या गार खोलीत बसवलं. पुढ्यात टॅबलेट. बाई एका बाजूला, साहेब एका बाजूला, मी तिच्या खुर्चीलगत जमिनीवर, तोंड शिवून. बाईंनी तिला सांगितलं की हे वाच आणि तुला काय वाटतं ते मोकळेपणाने सांग हं, अगदी खरं खरं. तिने पान उघडलं. सुईताई हसली. भिंगरीने अंगठा उचलला आणि बरोबर सुईच्या चेहऱ्यावर ठेवला. डोळे, ओठ, सगळं झाकलं. अंगठा तसाच दाबून धरून तिने मजकूर वाचला, नख पांढरं पडेपर्यंत. मग तिने बाईंकडे बघितलं, गोड हसली, म्हणाली छान आहे, आणि सगळे तारे पेटवले.

बाईंनी हात पसरून माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि म्हणाले की अंगठा बघा, तिने तोंड झाकलं होतं, तिला ते बघवत नाही. बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या की अंगठ्याचा आलेख नाही काढता येत. साहेबांनी घसा खाकरला. बाईंनी भिंगरीला दोन चॉकलेटं दिली, आणि जाता जाता सांगितलं की पुढच्या महिन्यात वेबसाइट बघायला मोठी मंडळी येणार आहेत, त्यांना वॉर्डही दाखवायचा आहे, तेव्हा आता काही बदल नकोत. वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडून कधीच काढून घेतलेला होता. नाहीतर मी त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून ते हसू पुसलं असतं.

बाहेर आल्यावर मी भिंगरीला विचारलं. रागावून नाही विचारलं, देवाशपथ, पण माझा आवाज जरा तसाच आहे. म्हटलं, तुला आवडलं नाही ना ते, मग छान का म्हणालीस?

ती चॉकलेटचा कागद सोडवत होती, एका हाताने, कारण दुसरा बांधलेला. "इथे छान म्हटलं की लवकर सोडतात," ती म्हणाली. "दुखत नाही म्हटलं की पण सोडतात."

आठ वर्षांची पोर. घरात एक शब्द मनाविरुद्ध गेला तर आकाशपाताळ एक करणारी, वाटाणे ताटाखाली लपवणार नाही, सरळ फेकून देईल अशी. ती इथे येऊन एवढं शिकली, आणि शिकवणारे आम्ही. मी तिच्यापुढे उकिडवी बसले. म्हटलं, पुढच्या वेळी हात जळला तर सांगशील ना सिस्टरला? ती म्हणाली, हो. त्याच गोड आवाजात. ज्या आवाजात छान म्हणाली होती त्याच.

महिनाभर मी ठिकठिकाणी डोकं आपटलं. डॉक्टरांनी वर लिहून कळवलं, वरून उत्तर आलं की सुधारणा पुढच्या टप्प्यात. साहेबांनी मला त्या कामाच्या बैठकांना बोलावणं बंद केलं. ताईने घरी भिंगरीला हरतऱ्हेने समजावलं, प्रेमाने, धाकाने, बाहुलीच्या हाताला सुई लावून. भिंगरी सगळ्याला हो म्हणायची. त्या ‘हो’ची आम्हाला दोघींना धास्ती बसली होती.

औषधाचा दिवस आला तो नेमका पाहुण्यांचाच. वॉर्डात नवे पडदे, भिंतीवर सुईताईचं चित्र, पुरुषभर उंच. भिंगरीला खिडकीजवळची खुर्ची मिळाली आणि शेजारच्या खुर्चीत मॅनेजरीण, हाताला सलाईन, मांडीवर टॅबलेट. मला बघताच तिने टॅबलेट उलटा ठेवला. ओळख दाखवणं नाही, काही नाही.

"आमचं पान कुठंय?"

मी म्हटलं की मी काढलं नाही, वरच्या लोकांनी बदललं, मी खूप भांडले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही नुसतं ऐकून घेता. मोठी माणसं येतात, खाली बसतात, ऐकून घेतात आणि जातात. फरशीवर बसलं म्हणून काय झालं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. एरवी मला उलट बोलणाऱ्याला मी दोन शब्द जास्तच देते. ताईने मला हाताने खूण करून बस म्हटलं.

सिस्टरने भिंगरीच्या दुसऱ्या हाताला सुई लावली. नस पटकन सापडली. औषध सुरू झालं. भिंगरी हसत होती. ताई एका बाजूला, मी एका बाजूला, दोघी तिच्या हाताकडे डोळे लावून. पण हात पट्टीवर बांधलेला, वर चिकटपट्ट्या, काही दिसेना. थोड्या वेळाने सिस्टरने विचारलं, दुखतंय का गं? भिंगरीने मान हलवली, नाही. ताईने विचारलं, नाही. मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि आणखी रुंद हसली, अगदी भिंतीवरच्या त्या सटवीसारखी. मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. सिस्टर पुढच्या खुर्चीकडे वळली.

"सिस्टर, ती खोटं बोलतेय," मॅनेजरीण म्हणाली. "तिच्या पायाची बोटं बघा."

मी बघितलं. मोज्यातली बोटं आत वळून घट्ट मुठीसारखी झाली होती. इतकी वर्षं मी हाताची बोटं बघत आले, आणि आत्ता माझं लक्ष त्या बांधलेल्या हातावरून हललं नव्हतं. सिस्टर धावली, सलाईनचं चाक फिरवून बंद केलं, चिकटपट्ट्या ओढून काढल्या. खाली सूज नुकती धरायला लागली होती. वेळेत सापडलं, ती म्हणाली, काही नाही झालेलं.

मॅनेजरणीने आपला मोकळा हात भिंगरीपुढे धरला. मनगटाच्या वर सुरकुतलेली, चकचकीत कातडी होती, नाण्याएवढी. मी पण आधी नाही म्हणायचे, ती भिंगरीला म्हणाली, मग हे झालं. ओरड आता. इथे कोणी रागावत नाही.

भिंगरीचं हसू एकाएकी पडलं. आणि मग तिने जो गळा काढला तो अख्ख्या मजल्यावर ऐकू गेला असेल. दुखतंय म्हणाली, जळतंय म्हणाली, आईला ओरडली, सिस्टरला ओरडली, आणि मग माझ्याकडे वळून बोट रोखून ओरडली की तू खोटं लिहिलंस, तू खोटारडी आहेस, तू म्हणालीस खरं आहे. मी लिहिलं नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं आणि मलाही तिला थांबवायचं नव्हतं. ताई रडत होती आणि हसतही होती. ओरड, बाळा, ओरड, एवढंच म्हणत होती.

वॉर्डाच्या दाराशी प्रसिद्धीप्रमुख बाई उभ्या होत्या. मागे पाहुणे, इस्त्रीचे कपडे, हातात फुलं, आणि त्यांच्याही मागे आमचे साहेब. सगळ्यांचे चेहरे गोंधळलेले. भिंगरीचा आवाज सरळ त्यांच्या अंगावर जात होता. बाईंनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले आणि हाताने खूण केली, दार लावा, दार.

मी उठले. दाराला वरून ओढ होती, पाहुण्यांसाठी खाली अडकण लावून ते अर्धं उघडं ठेवलं होतं. मी गेले, ते सताड उघडलं आणि पाठ लावून उभी राहिले. बाई दबक्या आवाजात म्हणाल्या की अहो, मंडळी आली आहेत.

"ऐकू द्या त्यांना," मी म्हटलं.

साहेबांनी मागून मला नावाने हाक मारली, आधी हळू, मग जरा जोरात. मी हलले नाही. आत भिंगरी ओरडतच होती आणि मॅनेजरीण तिला सांगत होती की अजून मोठ्याने, दारापर्यंत येतंय फक्त.